धुळाक्षरं पुन्हा गिरवताना



गुरुजींनी मला शाळेत दोन वर्षं शिकवलं. सकाळी ते फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहायचे, ती संध्याकाळपर्यंत पुसायचं कुणाच्या मनात येत नसे, इतकं ते अक्षर देखणं. त्यांच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आज मी लिहिता न येणाऱ्या माणसांबद्दल बोलणार आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांबद्दल नाही. शिकलेली, वळणदार अक्षराची, लेखणीवर पोट भरणारी ही माणसं. पेन कागदाला टेकवलं की यांची बोटं यांचं ऐकेनाशी होतात.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हाताची गेलेली कामं हाताला पुन्हा शिकवणं हा माझा व्यवसाय. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून एक गोष्ट सांगते. कंधारकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतले सर माझ्याकडे आले. पंचेचाळिशीतले, अंगानं धडधाकट. म्हणाले, "मॅडम, फळ्यावर लिहितो की मी. हजेरी मांडता येईना." सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "यांचं अक्षर बघून आमच्या मामांनी स्थळ पसंत केलं होतं हो." मी सरांच्या हातात खडू दिला. त्यांनी फळ्यावर सुरेख ओळ लिहिली. मग वही आणि पेन दिलं. पहिला शब्द बरा उमटला. दुसऱ्या शब्दाला अंगठा आत वळला, तर्जनी काठीसारखी ताठ झाली. तिसऱ्याला मनगट मुडपलं, कोपर टेबलावरून वर आलं आणि पेनचं टोक कागदात रुतलं. सरांनी डाव्या हातानं उजवा हात धरला आणि मान खाली घातली.

माझ्याकडे येण्याआधी दोन वर्षं त्यांची फरफट झाली होती. एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. मालिश झालं, तेलं झाली. कुणी नजर काढली, गळ्यात दोरा बांधला. वरिष्ठ म्हणाले, लिहायचा कंटाळा आहे, कारण फळ्यावर तर लिहिता! हे शेवटचं वाक्य सरांना सगळ्यात जास्त लागलं होतं. फळ्यावर लिहिता येतं आणि वहीत येत नाही, ही लबाडी वाटते. खरं तर या आजाराची ती ओळखखूण आहे. फळ्यावर लिहिताना हात खांद्यापासून हलतो, वहीत लिहिताना बोटं आणि मनगट चालतात. मेंदूच्या लेखी ही दोन वेगवेगळी कामं आहेत. त्यातलं एक बिघडतं आणि दुसरं शाबूत राहतं. सुरुवातीला तर याच हातानं माणूस शर्टाची बटणं लावतो, सुईत दोरा ओवतो, भाकरी मोडतो. फक्त लिहिणं जातं. पुढे काहींच्या बाबतीत चमचा धरताना, दाढी करतानाही हात वळायला लागतो.

डॉक्टर याला रायटर्स क्रॅम्प म्हणतात. मी लेखनपेटका म्हणते, पण हा पायाला येणाऱ्या गोळ्यासारखा स्नायूंचा पेटका नव्हे. मूळ दुखणं मेंदूत आहे. त्याचं शास्त्रीय नाव डिस्टोनिया. बोट वाकवणारे स्नायू आणि बोट सरळ करणारे स्नायू आळीपाळीनं काम करतात तेव्हा अक्षर उमटतं. एक ओढतो तेव्हा दुसऱ्यानं सोडायचं असतं, आणि हे सोडणं मेंदू शिकवतो. डिस्टोनियात ते सोडणंच बिघडतं आणि दोघं एकाच वेळी ओढतात. तिफणीचे बैल एकमेकांविरुद्ध ओढू लागले तर तास सरळ कसं पडणार?

दुसरी गोष्ट मला शेतकऱ्याच्या भाषेत सांगायला आवडते. मेंदूत प्रत्येक बोटाच्या वाट्याला थोडी जमीन आलेली असते. अंगठ्याचं शेत वेगळं, तर्जनीचं वेगळं, मध्ये धुरा, म्हणजे बांध. तेच ते बारीक काम, तीच पकड, वर्षानुवर्षं, घाईत आणि ताणात करत राहिलं तर काही माणसांच्या मेंदूत तो धुरा पुसट होतो. एका बोटाला दिलेली आज्ञा शेजारच्या बोटालाही जाते. हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. कॅलिफोर्नियात नॅन्सी बिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच पकड पुन्हा पुन्हा, भराभर करायला शिकवलेल्या माकडांचे हात निकामी होऊ लागले. त्यांच्या मेंदूतल्या स्पर्शाच्या नकाशात बोटांच्या हद्दी एकमेकींत मिसळलेल्या आढळल्या. प्रत्येक लिहिणाऱ्याचं असं होत नाही. हजारो कारकून आयुष्यभर लिहितात आणि निवृत्तीच्या दिवशीही त्यांची सही सरळ येते. म्हणजे मुळात मेंदूची ठेवण थोडी तशी असावी लागते आणि वर कामाचा बोजा पडावा लागतो.

दुखणं जुनं आहे. कामगारांच्या आजारांवर पहिलं मोठं पुस्तक लिहिणारा इटलीचा डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानं १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर प्रकरण घातलं. सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण, ही तीन कारणं त्यानं दिली. त्यानं एका ओळखीच्या नोटरीची हकीकत सांगितली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात गेला. मग तो डाव्या हातानं लिहायला शिकला, आणि काही काळानं डावाही गेला. तीनशे वर्षांपूर्वीची ही नोंद मी प्रत्येक रुग्णाला सांगते, कारण प्रत्येक जण पहिल्या दिवशी विचारतो, "डाव्यानं शिकू का?" गांधीजींनी १९०९ मध्ये जहाजावर 'हिंद स्वराज' लिहिताना उजवा हात थकल्यावर चाळीसेक पानं डाव्या हातानं लिहिली होती. थकलेल्या हाताला हा उपाय आहे. डिस्टोनियाच्या हाताला तो कधी लागू पडतो, कधी दुखणं तिकडेही जातं.

आपल्याकडे तर हाताच्या कष्टाची नोंद पोथ्यांतच आहे. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक एक ठरलेला संस्कृत श्लोक लिहीत. आपली मोडलेली पाठ आणि आवळलेली मूठ यांची त्यात आठवण करून देत आणि वाचणाऱ्याला पोथी जपायला सांगत. आवळलेली मूठ! आपल्याच नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे महानुभावांचं मोठं तीर्थ. त्या पंथाच्या पोथ्या शतकानुशतकं सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत हातांनी उतरवल्या गेल्या. त्या हातांतले किती आखडले असतील, कुणी लिहून ठेवलेलं नाही. जांबच्या समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर आख्खा समास लिहिला. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं असावं हा आग्रह आपल्या मातीत तेव्हापासून आहे. मराठवाड्यात तर त्याला आणखी एक पदर आहे. निजामाच्या राज्यात सरकारी लिहिणं उर्दूत होतं. १९४८ नंतर ज्या पिढीला आपल्या भाषेत आणि आपल्या लिपीत शिकायला मिळालं, तिला चांगलं अक्षर म्हणजे घराण्याची इभ्रत वाटली. म्हणून इथे हात आखडला की माणूस आधी लाजतो आणि मग डॉक्टरकडे जातो. मधली दोन-तीन वर्षं वाया जातात.

विसाव्या शतकाचा बराच काळ डॉक्टर मंडळीही याला मनाचा आजार समजत होती. १९८२ साली लंडनमध्ये शीही आणि मार्सडेन यांनी असे रुग्ण नीट तपासून दाखवून दिलं की हा डिस्टोनियाचाच एक प्रकार आहे आणि या माणसांची मनं इतरांपेक्षा अधिक बिघडलेली नाहीत. ताणानं हात अधिक वळतो हे खरं. ताणानं मधुमेह्याची साखरही वाढते, म्हणून मधुमेहाला कुणी मनाचा खेळ म्हणत नाही.

आता उपचार. एक गोष्ट आधी स्पष्ट सांगते. लिहिताना हात दुखला म्हणजे हा आजार झाला असं नाही. मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येतात, ते वेगळं. कंपवातात अक्षर बारीक होत जातं, ते वेगळं. अंगठ्याच्या बुडाशी सूज येते, ते वेगळं. म्हणून आधी मेंदूविकारतज्ज्ञानं हात पाहिला पाहिजे. निदान झाल्यावर माझं काम सुरू होतं.

माझं पहिलं औषध म्हणजे लिहिणं बंद. सही सोडून तीन-चार आठवडे काही लिहायचं नाही. सरांना हे पटेना. आपण सगळे एकाच शाळेत वाढलो आहोत. अक्षर बिघडलं की आणखी एक पान शुद्धलेखन लिही, ही तिथली शिकवण. इतर बाबतींत ती बरोबर असेल. इथे ती विष आहे. आखडलेल्या हातानं ओढलेली प्रत्येक रेघ म्हणजे आखडण्याचाच सराव. मेंदू चांगलं-वाईट निवडत नाही, जे वारंवार होतं ते तो पाठ करतो. मी सरांना सांगितलं, "सर, तुम्ही दोन वर्षं रोज आखडणं गिरवताय." ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरी सहकाऱ्याकडे दिली.

मग मी त्यांना डाव्या हातानं लिहायला लावलं आणि उजवा मांडीवर ठेवायला सांगितला. डावा लिहू लागला आणि मांडीवरचा उजवा हात आपला आपण वळू लागला. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र हवं ते दिसलं. उजव्यानं लिहिताना माणूस वळलेलं बोट सावरायला इतर बोटं ताठ करतो. त्यामुळे मूळ दोषी बोट कोणतं आणि सावरणारं कोणतं, हे कळत नाही. मांडीवर निवांत पडलेल्या हाताला सावरायचं काही नसतं, तिथे खरं दुखणं उघडं पडतं. सरांचा अंगठा आत वळत होता. तर्जनी बिचारी त्याला सावरायला ताठ होत होती.

पुढचा महिना आम्ही पेनला हात लावला नाही. धुरा परत घालायचा तर आधी हात ओळखायला शिकला पाहिजे. कापडी पिशवीत तूर, हरभरा, उडीद, मूग, करडई, जवस एकत्र केलं. डोळे मिटून, एकेका बोटाच्या टोकानं दाणा ओळखायचा. तुरीच्या बाजारात वाढलेल्या लातूरच्या माणसाला मी हा व्यायाम सांगते तेव्हा तो हसतो, आणि उडीद-मुगापाशी अडतो. अमेरिकेत किर्स्टन झॉयनर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली लेखनपेटक्याच्या रुग्णांना आठ आठवडे रोज अर्धा ते एक तास ब्रेल वाचायला लावलं होतं. त्यांच्या बोटांची स्पर्श ओळखण्याची शक्ती वाढली, काहींचं लिहिणंही सुधारलं. प्रयोग लहान होता. पण डाळींची पिशवी स्वस्त आहे आणि तिनं नुकसान होत नाही.

मग परात. परातीत रवा पसरला आणि सरांना एका बोटानं लिहायला सांगितलं, खांद्यापासून हात हलवत, वीतभर मोठं अक्षर. सर परातीकडे बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, ही तर धूळपाटी." हो, धूळपाटीच. कागद-पाटी घरोघर येण्यापूर्वी पोरं ज्या धुळीत अक्षरं गिरवायची, तिथेच मी शिकल्यासवरल्या माणसांना परत नेते. धुळीत लिहायला पकड लागत नाही, जोर लागत नाही, चुकलं तर परात हलवली की झालं. रामाझ्झिनीनं सांगितलेली चुकण्याची भीती तिथे उरत नाही.

देवनागरीची एक अडचण आहे, ती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. आपण अक्षर काढतो, हात उचलतो, पुन्हा मागे येऊन शिरोरेघ ओढतो. हात उचलून टेकवण्याच्या त्या क्षणी पकड घट्ट होते. म्हणून पहिले काही आठवडे मी शिरोरेघ सोडायला लावते. मोडी लिहिणारे रेघ आधी आखून घेत आणि तिच्या खाली हात शक्य तितका न उचलता अक्षरं सोडत जात. ती युक्ती मी उसनी घेतली आहे. आधी रेघ, तीही खांद्यातून. मग तिला लटकणारी अक्षरं.

धुळीतून फरशीवर, पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं. फरशीवरून फळ्यावर, फळ्यावर अक्षर दिवसागणिक लहान करत. मग जाड स्केचपेन. आणि सगळ्यात शेवटी पेन, तेही सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून जाड केलेलं, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरून. नवी पकड, नवी जाडी आली की मेंदू जुनी पाठ केलेली चाल चटकन लावत नाही. त्या फटीतून नवं शिकवता येतं. काहींना मी एखादं बोट अडवणारा छोटा स्प्लिंट देते. नियम एकच, हात वळतोय असं वाटलं की शब्द अर्धा सोडून थांबायचं. ओळ पुरी करायची नाही. आपल्याकडच्या शिक्षकांना हे सगळ्यात अवघड जातं.

हे माझं संशोधन नाही. १८८० च्या दशकात फ्रँकफर्टमध्ये युलियस वोल्फ नावाचा एक सुलेखनाचा शिक्षक व्यायाम, मालिश आणि नव्या पद्धतीचं लिहिणं यांवर असे हात बरे करत होता, आणि त्या काळचे नामांकित डॉक्टर त्याच्याकडे रुग्ण पाठवत. अक्षरगुरूकडे जाऊन हात सुधारायचा, हे गुरुजींना आवडलं असतं.

बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनंही आहेत. दोषी स्नायू हेरून त्याला थोडं दुबळं करायचं. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरं औषध मिळालेल्या २० पैकी १४ जणांना उपचार पुढे चालू ठेवावासा वाटला. नुसतं खारं पाणी टोचलेल्या १९ पैकी सहा जणांनाही तसंच वाटलं. म्हणजे गुण आहे, पण जादू नाही. परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मात्रा चुकली तर बोट लुळं पडतं, आणि खर्च मोठा. मी त्याच्या विरोधात नाही. इंजेक्शननं मिळालेल्या तीन महिन्यांत जो परात हातात घेतो, त्याला अधिक फायदा होतो असं मी पाहिलं आहे.

सरांना सात महिने लागले. आज ते अर्धं पान लिहितात, मग थांबतात, मग उरलेलं लिहितात. पूर्वीचं अक्षर परत आलं नाही, आणि येणार नाही हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. पूर्ण बरं होणं विरळा. पण हजेरी त्यांनी परत मागून घेतली.

लातूरबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. परीक्षेच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'नं सबंध महाराष्ट्रातली पोरं तिथे आली, आणि नांदेड, लातूर, धाराशिव हे तिन्ही जिल्हे बारावीच्या परीक्षेला लातूर विभागीय मंडळाखालीच येतात. डिसेंबर उजाडला की सराव-पेपर देऊन हात दुखणारी मुलं माझ्याकडे यायला लागतात. त्यातल्या बहुतेकांना डिस्टोनिया नसतो. त्यांनी पेन गळा आवळल्यासारखं धरलेलं असतं, कागदाच्या मागच्या बाजूला अक्षर हाताला लागतं इतका जोर दिलेला असतो. खोलीत टेबल नाही म्हणून गादीवर पोटावर झोपून लिहितात. त्यांना पकड सैल करायला, बसायला, दर वीस मिनिटांनी मूठ उघडायला शिकवलं की काम होतं. आईवडिलांनी "रोज दोन पेपर लिही" म्हणण्याआधी एकदा पोराचं पेन धरणं पाहावं, एवढीच माझी विनंती आहे. पण शंभरात एखादा पोरगा असा येतो की त्याचा हात खरंच सरांसारखा वळतो. त्या पोराला सैल धर म्हणणं म्हणजे लंगड्याला नीट चाल म्हणणं.

त्या पोरासाठी कायदा आहे, आणि तो आपल्या गावांत पोचलेला नाही. लेखनपेटका असलेल्या एका उमेदवारानं केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लेखनिक मागितला. तो मिळाला नाही, कारण त्याचं अपंगत्व ठरलेल्या चाळीस टक्क्यांपेक्षा कमी होतं. वैद्यकीय मंडळानं ते सहा टक्के धरलं होतं. हाताची ताकद मोजली तर सहा टक्के बरोबरच असेल, पण तीन तासांच्या पेपरात तो हात शंभर टक्के निकामी होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं निकाल दिला की लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही, आणि सरकारला नियम करायला सांगितलं. ते नियम १० ऑगस्ट २०२२ ला निघाले. त्या नियमांनुसार चाळीस टक्क्यांहून कमी अपंगत्व असलं तरी लिहिण्यात अडचण असेल तर लेखनिक मिळू शकतो, आणि दर तासाला किमान वीस मिनिटं जादा. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या समितीचं प्रमाणपत्र लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये हाताचा डिस्टोनिया असलेल्या आणखी एका उमेदवाराच्या प्रकरणात न्यायालयानं हेच पुन्हा बजावलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात प्रमाणपत्राला धावू नका. दिवाळीच्या सुट्टीत कागद तयार करा. मुख्याध्यापक इथे बसले आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, असा पोरगा दिसला तर त्याला आळशी म्हणण्याआधी हा नियम वाचा.

आणखी एक दुःख आहे, ते सहीचं. हात वळला की सही बदलते. बँकेत चेक परत येतो, दोन साक्षीदार आणा म्हणतात. निवृत्त झालेल्या एका बाईंना, आयुष्यभर कारकुनी केलेल्या, काउंटरवर म्हणाले, "अंगठा द्या की." त्या पैसे न काढता घरी आल्या. अंगठा देणं वाईट नाही, आपल्या कित्येक आज्यांनी अंगठ्यावरच शेती सांभाळली. पण ज्या बाईनं हजारो कागदांवर सह्या केल्या, तिला शाईचं पॅड पुढे सरकवताना एक शब्द आधी बोलायला हवा होता. मी त्यांना तीन अक्षरांची, शिरोरेघ नसलेली, खांद्यातून मारायची नवी सही शिकवली. बँकेत नमुना सही बदलून घेता येते. त्यांनी ती बदलून घेतली.

वेळ झाली आहे, अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघताहेत. सभागृहाच्या दाराशी टेबलावर दोन पराती ठेवल्या आहेत, एकीत रवा, दुसरीत गोदावरीची चाळलेली वाळू. शेजारी डाळींची पिशवी आहे आणि लेखनिकाच्या अर्जाचे काही नमुने. ज्यांचा हात वळतो, किंवा ज्यांच्या घरात कुणाचा वळतो, त्यांनी जाताना तिथे थांबावं. पेन खिशातच राहू द्या, एका बोटानं मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहा. शिरोरेघ नको. मी नऊ वाजेपर्यंत तिथेच आहे.